निवडणारे हात कोणाचे?

लोकशाहीत काय छापले जाते, याइतकेच काय दडवले जाते हेही महत्त्वाचे असते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतील डाव्या मंडळींच्या वर्चस्वाविषयी राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांना नव्याने काही सांगायला नको. समाजमाध्यमे आली तेव्हा मात्र अनेकांना वाटले की, संपादकाची कात्री आता गेली. लोक जे वाचतील तेच वर येईल. हा भ्रम अमेरिकेत मे २०१६ मध्ये फुटला.

फेसबुकच्या पानावर २०१४ पासून ‘ट्रेंडिंग’ नावाचा एक कोपरा होता. तेथे दिसणाऱ्या बातम्या यंत्र निवडते, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात कंत्राटी तत्त्वावर नेमलेले तरुण पत्रकार त्या निवडत होते. ‘गिझमोडो’ या संकेतस्थळाने त्यांच्यापैकीच काहींच्या हवाल्याने सांगितले की, उजव्या विचारांच्या वाचकांत गाजणारे विषय तेथून वगळले जात आणि जे गाजत नव्हते असे काही विषय हाताने आत सोडले जात. आठवडाभरात ‘गार्डियन’ने फेसबुकची अंतर्गत मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. बातमीचे महत्त्व ठरवण्यासाठी दहा ठरावीक वृत्तसंस्थांकडे पाहावे, असे तीत म्हटले होते. त्या दहांत उजवीकडे झुकणारी नावे दोनच, ‘फॉक्स न्यूज’ आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’. निःपक्षपातीपणाची ही व्याख्या भारतीय वाचकाला ओळखीची वाटावी!

सिनेटर जॉन थ्यून यांनी खुलासा मागितला. मार्क झुकेरबर्ग यांनी उजव्या विचारांच्या मान्यवरांना बोलावून त्यांच्याशी चर्चा केली. अंतर्गत चौकशीत पद्धतशीर पक्षपाताचा पुरावा आढळला नाही, असे कंपनीने जाहीर केले. मात्र त्या दहा नावांवर विसंबण्याची पद्धत तिने बंद केली. आरोपी, तपास अधिकारी आणि न्यायाधीश एकच असलेल्या या चौकशीवर किती विश्वास ठेवायचा, हे सुज्ञांनी ठरवावे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या पत्रकारांना काढून निवड यंत्रावर सोपवण्यात आली. अवघ्या काही दिवसांत, वृत्तनिवेदिका मेगन केली यांना ‘फॉक्स’ने हाकलल्याची धादांत खोटी बातमी त्याच कोपऱ्यात झळकली. माणसाच्या निवडीत पक्षपात असेल, पण यंत्राला विवेकच नव्हता. जून २०१८ मध्ये फेसबुकने हा विभागच बंद केला.

भारतातही हा वाद आला. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन मंत्री रविशंकर प्रसाद यांनी झुकेरबर्ग यांना पत्र लिहून फेसबुकच्या पक्षपातावर बोट ठेवले. त्याच सुमारास काँग्रेस मात्र हीच कंपनी भाजपला झुकते माप देते, असा कंठशोष करीत होती. दोन्ही बाजूंचे समाधान करील असा पुरावा पुढे आला नाही, कारण निवडीचे निकष कंपनीच्या तिजोरीत बंद. आज निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून कार्यकर्त्याने निश्चिंत होण्याचे कारण नाही. तिजोरीची किल्ली परक्या हाती आहे.

१८६७ च्या कायद्याने भारतातील वृत्तपत्रांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे सक्तीचे केले. परकीय सत्तेने हा कायदा केला तो नियंत्रणासाठीच; पण छापलेल्या शब्दामागे एक माणूस उभा असे. ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांनी १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा सोसली, जबाबदारी झटकली नाही. समाजमाध्यमांच्या कंपन्या मात्र आपण प्रकाशक नसून केवळ मध्यस्थ आहोत, असे सांगतात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९वे कलम मध्यस्थाला संरक्षण देते, आणि मजकूर निवडण्यात वा बदलण्यात त्याचा हात नसावा, ही अपेक्षाही त्यातच नमूद आहे. बातम्यांचा क्रम लावणारा मध्यस्थ त्या अपेक्षेत बसतो का? २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले, हे योग्यच झाले. पण त्या नियमांचा भर मजकूर हटवण्यावर आहे. कोणती बातमी वर चढवली आणि कोणती खाली ढकलली, याचा हिशेब मागण्याची तरतूद संसदेनेच करायला हवी.