क्लाउडमध्ये नोंदी ठेवा, पण किल्ली स्वतःकडे ठेवा

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर असते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीसारख्या व्यापारी भागांत पाणी शिरले. भिजलेल्या मालाचे पंचनामे झाले. तळमजल्यावरच्या संगणकात बुडालेल्या हिशेबाचा, उधारीच्या खात्याचा, रुग्णांच्या जुन्या नोंदींचा पंचनामा कोण करणार?

हा प्रश्न आपल्या समाजातील नवउद्योजकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. याच शहरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे चहा घ्यायला गेले. आज राजा येत नाही. बँकेचा अधिकारी येतो आणि जीएसटी विवरणपत्रे, ताळेबंद, जुनी बिले मागतो. सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी ४ टक्के खरेदीचे लक्ष्य आहे. तिथेही कागद लागतात. ज्याच्याकडे वडिलोपार्जित जमीन किंवा वाडा नाही, त्याच्यासाठी नोंद हेच तारण आहे. ते एका पुरात वाहून जाऊ देणे परवडणारे नाही.

क्लाउड म्हणजे काय?

सोप्या भाषेत, आपली माहिती दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने ठेवणे. गुगल आणि अॅमेझॉनची मोठी केंद्रे मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात. कोल्हापुरात पूर आला तरी तिथली प्रत सुरक्षित राहते. अर्थात पुरात वीज आणि इंटरनेट बंद पडले, तर ती प्रत त्या दिवसांत उघडता येणार नाही. पाणी ओसरल्यावर मात्र धंदा शून्यातून सुरू करावा लागत नाही.

‘माझा संगणक माझ्याच दुकानात बरा’ असे म्हणणाऱ्यांनी दिल्लीच्या एम्सचे उदाहरण पाहावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस हाताने कागदावर काम करावे लागले. एम्सची ही गत झाली, तर दोन खोल्यांच्या दवाखान्याने किती भरवसा ठेवायचा?

भाडेकरूची बाजू

पण भाड्याच्या घराला मालक असतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेल कंपनीची सेवा अचानक थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, नंतर सेवा पूर्ववत झाली. उद्यमनगरातील लहान कारखानदार कोणत्या न्यायालयात जाणार? भाडे थकले, खाते गोठले किंवा सॉफ्टवेअर विकणारा धंदा बंद करून गेला, तर आपल्याच नोंदींसाठी आपल्याला विनवण्या कराव्या लागतील.

दुसरा गैरसमज जबाबदारीचा. क्लाउड कंपनी आपली यंत्रे सांभाळते; पासवर्ड कुणाला दिला, काम सोडून गेलेल्या मुलाचे खाते बंद केले का, हे पाहणे आपल्याकडेच राहते. अनेक ठिकाणी सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो आणि तोही भिंतीवर चिकटवलेला.

दवाखान्याचा प्रश्न वेगळा

दुकानाचा हिशेब दुकानदाराचा असतो, दवाखान्यातील नोंद मात्र रुग्णाच्या आयुष्याची असते. एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार, गर्भपात यांपैकी एखादी नोंद बाहेर फुटली तर माणसाची नोकरी, लग्न, भाड्याची खोली जाऊ शकते. आधीच जातीमुळे दार बंद होणाऱ्याला हा दुसरा कलंक परवडत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे कलम भाषेचे आहे: संमतीची सूचना इंग्रजीबरोबरच आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये मिळण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही. न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवायला लावणे ही संमती नव्हे.

तरुणांनी काय करावे?

आयटी शिकलेली मुले-मुली आज आपल्या वस्त्यांत आहेत. विहारातील रविवारच्या एका वर्गात या चार गोष्टी शिकवता येतील:

१. महत्त्वाच्या नोंदींची दरमहा एक प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी.
२. प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, लॉगिनला मोबाइलवरील दुसरी पडताळणी लावावी.
३. करार करतानाच विचारावे: सेवा सोडली तर माझी सगळी माहिती, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल? उत्तर लेखी घ्यावे.
४. दवाखान्यात विचारावे: माझी नोंद कोण पाहू शकते? संमतीपत्र मराठीत आहे का?

ज्ञान कुणाच्या ताब्यात आहे, यावर सत्ता ठरते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. पूर्वी पोथी बंद होती, आता सर्व्हर बंद असू शकतो. क्लाउड वापरायलाच हवा. तो भाडेकरूचे हक्क माहीत असलेल्या नागरिकासारखा वापरू या.

जय भीम!