शाफ्टवर खापर फोडण्याआधी

बोटीचा शाफ्ट तुटला की निवाडा ठरलेला: ‘मटेरिअल डुप्लिकेट निघालं.’ पाचूबंदर असो वा अर्नाळा, तांडेल वाळीव-सातिवलीच्या गाळ्यातल्या टर्नरला बोल लावतो, टर्नर स्टीलच्या व्यापाऱ्याला. मग ठरतं, की या खेपेला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसऐवजी ३१६ घ्यायचं आणि दोन सूत जाडच घ्यायचं. या निवाड्यातलं एकच कलम मला मान्य आहे.

ते आधी सांगतो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे कमी पडतात. शाफ्टच्या नळीत पाणी साचून राहतं, तिथे हा गुण कामाला येतो. पण ‘स्टेनलेस’ म्हणजे न गंजणारं, तेही बऱ्याच अंशी. न थकणारं, असं त्याच्याबद्दल कुणी म्हटलेलं नाही.

धातू थकतो तो ताणाच्या वरखाली होण्याने. इंजिन आणि नळी एका रेषेत नसतील, तर शाफ्ट किंचित वाकूनच फिरतो. वाक जागच्या जागी, शाफ्ट फिरता. म्हणून त्याच्या सालीवरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला ५०० फेरे धरले तर तासाला ३०,०००. रोज दहा तास चालणारी बोट ३४ दिवसांत एक कोटी फेरे ओलांडते. कोरड्या हवेत एवढे फेरे टिकलेला नमुना प्रयोगशाळेत सहसा पास होतो. समुद्राच्या पाण्यात तो भरवसाही उरत नाही. प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरने डब्यांच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७० मध्ये हेच मांडलं: कमाल ताण किती, यापेक्षा तो कितीने वरखाली होतो हे महत्त्वाचं.

आता ‘जाड घ्या’. पंख्याचा पीळ सोसायला जाडी उपयोगी, यात वाद नाही. पण रेषाच चुकली असेल, तर वाक किती हे बेअरिंगं ठरवतात. त्याच वाकात जाड दांडा घातला की त्याची साल मध्यापासून लांब पडते आणि उलट जास्त ताणली जाते. छडी वाकते तेवढा वासा वाकवून बघावा!

कपलिंगचे बोल्ट तर ‘जास्त ताण आला म्हणून तुटलं’ या तर्काला उघडच खोटं पाडतात. करकचून आवळलेला बोल्ट सतत ताणात असूनही टिकतो, ढिला आधी जातो. आवळलेल्या जोडात बदलता भार बहुतेक चकत्याच पेलतात. बोल्टपर्यंत थोडा पोचतो.

‘लोखंड दाणेदार झालं’ हे आणखी एक लाडकं निदान. दाणे धातूत जन्मापासून असतात. तुटलेलं तोंड उजेडात धरा. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून शिंपल्यावर असतात तशा रेषा पसरलेल्या दिसतील. भेग टप्प्याटप्प्याने सरकल्याच्या त्या खुणा. एका झटक्यात तुटलेला खरखरीत भाग लहानसा असेल, तर एकूण भार फार नव्हता, असंच ते तोंड सांगतं.

पावसाळी बंदीत बोट किनाऱ्यावर टेकूंवर उभी असते, तेव्हा रेषा जुळवतात. लाकडी बोट पाण्यात उतरली की तिचा आकार थोडा बदलतो आणि जमिनीवर जुळलेली रेषा पाण्यात हलते. म्हणून बोट तरंगू लागल्यावर कपलिंगचे बोल्ट सोडून दोन चकत्यांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजने पुन्हा मोजावी, एवढाच माझा आग्रह आहे. हंगामाच्या तोंडावर एवढी सवड कुणाला, असं मला ऐकवतात. नव्या शाफ्टसाठी लेथपुढे ताटकळायला मात्र तीच माणसं येतात.