फिल्म नॉर्मल, मग हात का कापतो?

मानसिक आजाराची औषधे सुरू झाल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत काही रुग्णांचे हात कापू लागतात, चाल ताठर होते, चेहरा निर्विकार दिसू लागतो. घरची मंडळी घाबरतात आणि डोक्याचा फोटो काढण्याचा आग्रह धरतात. उसनवारी करून एमआरआय होतो व रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग कोणी म्हणते, ‘नाटक करतोय’. कोणी म्हणते, ‘आजार वाढला.’ माझ्या मते दोन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे, आणि अशा वेळी एमआरआयचा खर्चही बहुतेकदा अनाठायीच.

एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. गाठ, रक्तस्राव, झीज असेल तर कळते. येथे मात्र रचना शाबूत असते. अडते ते कामकाज. मेंदूतील पेशी डोपामाइन नावाच्या रसायनामार्फत निरोप पोचवतात. कुलपात दुसरीच किल्ली घालून ठेवावी, तसे हे औषध डोपामाइनच्या जागा अडवते. त्यामुळे भास व संशय कमी होतात. पण हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातही निरोप अडला की कंपवातासारखी लक्षणे दिसतात.

ही अडवणूक पेट स्कॅनमध्ये मोजता येते. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेचे लार्स फार्डे व सहकारी यांनी १९९२ साली दाखवले की, ज्यांना हालचालींचा त्रास झाला, त्यांच्या मेंदूत जास्त जागा अडलेल्या होत्या. २००० साली टोरांटोत शितिज कपूर व सहकाऱ्यांनी हॅलोपेरिडॉल घेणारे २२ रुग्ण तपासले. सुमारे ६५ टक्के जागा अडल्या की गुण येण्याची शक्यता वाढते आणि ७८ टक्क्यांपुढे हालचालींचा त्रास होण्याची, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘जास्त औषध, जास्त गुण’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. पेट स्कॅन हे संशोधनाचे साधन आहे. प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नाही. त्याने शिकवलेला धडा मात्र प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे : आधी मात्रा तपासा.

काही लक्षणे हमखास फसवतात. मान किंवा डोळे अचानक एका बाजूला खेचले जाणे म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. योग्य इंजेक्शनने हा त्रास बहुधा थोड्याच वेळात थांबतो. एका जागी बसवत नाही, सारख्या येरझारा चालतात, हाही औषधाचाच परिणाम असू शकतो. तो आजारच समजून मात्रा वाढवली, तर तळमळ आणखी वाढते. अनेक महिने औषध घेतल्यावर ओठ-जिभेची आपोआप चाळवाचाळव सुरू झाली, तर ती लगेच दाखवावी; औषध बंद केल्यावरही ती टिकून राहू शकते.

आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींनीही एक पथ्य पाळावे. उलटी-आम्लपित्तासाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि लिव्होसल्पिराइड हेही डोपामाइनच अडवतात. वृद्धांचा हात कापू लागला, तर कंपवाताची गोळी लिहिण्यापूर्वी आधीच्या चिठ्ठ्या पाहाव्यात.

स्कॅन कधीच नको, असे मी म्हणत नाही. अचानक एका बाजूची शक्ती गेली, डोक्याला मार लागला, फिट आली, तर तो करावाच. वृद्धाला खरा कंपवात आहे की औषधाचा परिणाम, याचा उलगडा होत नसेल, तर मोठ्या शहरात होणारा ट्रोडॅट स्कॅन उपयोगी पडतो. निव्वळ औषधाचा परिणाम असेल, तर तो सहसा नॉर्मल येतो.

सर्वांत महत्त्वाचे, घाबरून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आजार उलटतो. मनोविकारतज्ज्ञ मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. मात्र अंग ताठ होऊन सपाटून ताप आला, रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालय गाठा. एरवी पुढच्या भेटीला फिल्म नसली तरी चालेल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि त्रास कधी सुरू झाला ती तारीख मात्र बरोबर न्या.