टायर घेताना आपणही डोकवावं

मैत्रिणींनो, टायर हा काही आपला प्रांत नव्हे, असं मीही म्हणत असे. पण गेल्या पावसाळ्यात जिंतूरहून येलदरीकडे जाताना शेताच्या वाटेवर आमची फोर-व्हील जीप काळ्या मातीत घसरून बांधाला टेकली. आत सासूबाई आणि मुलं! टायर पार गुळगुळीत झाले होते.

मग ह्यांच्याबरोबर मीही दुकानात गेले. "वहिनी, दोनच बदला," दुकानदार म्हणाला. ऐकू नका! चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. नाहीतर आतल्या गिअरवर ताण येतो.

माप जुन्या टायरवर असतं. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. बाजूच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडेही वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. फार जुना माल परत करा.

रुंद खाचांचा टायर चिखलात छान, पण डांबरीवर आवाज करतो, लवकर झिजतो. आमचं येणंजाणं दोन्हीकडे, म्हणून मधल्या जातीचा घेतला. खाच १.६ मिलिमीटरवर आली की मात्र टायर बदलायचाच.

कुकरची रिंग सैल झाली की आपण लगेच बदलतो ना? मग ज्यावर सगळं घर बसतं, ते कसं विसरायचं?