कळसूबाईचा सूर्योदय आणि बुडालेली झोप

पावसाळा सरला की ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील तरुणांना आणि हल्ली चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींनाही कळसूबाईचे वेध लागतात. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. अभयारण्यातल्या या माथ्यावरून एकदा तरी सूर्योदय पाहावा, अशी हौस कुणालाही वाटणे साहजिक आहे. माझी तक्रार हौसेबद्दल नाही, ती भागवण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

शनिवारी दिवसभर काम, लोकलच्या गर्दीतून घरी, घाईघाईत जेवण आणि रात्री दहाला गाडी. कसारा घाट चढून, घोटीमार्गे मध्यरात्रीनंतर बारी गाव आणि लगेच बॅटरीच्या उजेडात चढाई. सूर्योदय झाला, फोटो झाले, की तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी परत. सोमवारी यांपैकी काहीजण दवाखान्यात येतात. कुणाचे गुडघे धरलेले, तर कुणाला चढताना छाती भरून आलेली. 'डॉक्टर, वर हवा विरळ असते ना, म्हणून दम लागला,' असे निदानही तेच करून टाकतात.

वाचकहो, हे निदान चुकीचे आहे. विरळ हवेचा त्रास साधारणतः २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. कळसूबाईवर दम लागतो तो सवय नसल्यामुळे. बारीपासून माथ्यापर्यंतचा चढ आठ-नऊशे मीटरचा आहे. तीन मीटरचा एक मजला धरला, तर हे पावणेतीनशे ते तीनशे मजले होतात! एरवी दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट पाहणाऱ्याने ते एका रात्रीत चढायचे, तेही झोपेविना.

यातील खरा धोका हृदयाला आहे. पहाटेपासून रक्तदाब व नाडीचा वेग वाढू लागतो, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी अधिक येतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यात जागरण आणि सवय नसलेले श्रम यांची भर पडते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डोंगराच्या पायथ्यापर्यंतच येऊ शकते. लोखंडी शिड्यांवरून रुग्णाला खाली आणायचे, ते माणसांनीच.

'आम्ही तरुण आहोत, एका रात्रीने काय होते?' असे काहीजण विचारतील. चढाई तुम्हाला झेपेलही, पण परतीचे काय? सलग सतरा-अठरा तास जागा असलेल्या माणसाची सावधता थोडी दारू प्यालेल्या माणसासारखी मंदावते. अशा चालकाच्या हाती घाटातील वळणांवर सगळ्यांचे प्राण सोपवलेले असतात.

माझे मत स्पष्ट आहे. चाळिशीपुढच्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान असलेल्यांनी झोप मोडून कळसूबाई चढू नये. दुपारीच बारीला पोहोचावे. गावात राहण्या-जेवण्याची सोय होते. आठ-साडेआठला झोपून तीनच्या सुमारास निघावे. आधी दोन-तीन महिने रोज जिने चढण्याचा सराव करावा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत. मधुमेह्यांनी खिशात साखर ठेवावी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रा आधी विचारून घ्यावी. चढताना सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, थंड घाम यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच बसावे, सोबत्यांना सांगावे आणि मदत बोलवावी. 'आता थोडेच राहिले' म्हणून पुढे मुळीच जाऊ नये.

पुढच्या शनिवारचा बेत ठरवताना फोटो कोण काढणार हे मागाहून ठरवा. गाडी कोण चालवणार आणि तो किती तास झोपलेला असेल, हे आधी विचारा.