क्रिस्टनची शिष्यवृत्ती

भाची सध्या श्रीमंत अमेरिकन मुलींच्या कादंबऱ्यांत बुडाली आहे. सेसिली व्हॉन झीगेसारची ‘गॉसिप गर्ल’ (२००२) आणि लिसी हॅरिसनची ‘द क्लीक’ (२००४) यांनी ही लाट आणली. पहिलीत मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइडवरच्या ब्लेअर आणि सरीना, दुसरीत न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमधली सातवीतली मॅसी ब्लॉक. पानोपानी पर्सा, बूट आणि ब्रँडची नावं. घरातल्या मोठ्यांना हे सगळं उथळ वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण या मुली सतत घाबरलेल्या आहेत आणि ती भीती अगदी खरी आहे.

मॅसी मैत्रिणींच्या पेहरावाला दहापैकी गुण देते. गळ्यातला स्कार्फ, पायातले बूट, केस, सगळं नजरेखालून जातं आणि आकडा सांगितला जातो. साडेआठ मिळाले तर दिवस गेलाच. स्वतः मॅसीलाही रोज आपली गादी राखावी लागते.

या टोळक्यात क्रिस्टन ग्रेगरी आहे. अभ्यासात हुशार, फुटबॉलमध्ये तरबेज, आणि शाळेत शिष्यवृत्तीवर. घरची परिस्थिती बेताची आहे हे ती जिवलग मैत्रिणींपासून लपवते. हुशारीवर मिळवलेल्या गोष्टीची लाज वाटावी, हे वाचताना माझ्या पोटात तुटलं. फी-माफीच्या यादीतलं आपलं नाव वर्गात मोठ्यानं वाचलं जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेल्या मुली आपल्याकडेही कमी नाहीत.

मॅसीसारखीच जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीतली एमाही श्रीमंत, लाडावलेली आणि गावात मानाची. बॉक्स हिलच्या सहलीत ती गरीब मिस बेट्सचा सर्वांदेखत पाणउतारा करते, तेव्हा तिचा जुना स्नेही नाइटली तिला खडसावतो आणि एमा परतीच्या वाटेवर रडते. मॅसीच्या जगात असं खडसावणारं वजनदार माणूस नाही. आईवडील आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः क्रेडिट कार्ड देण्याचं. या पुस्तकांवर माझा आक्षेप आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

२००८मध्ये क्रिस्टनच्या नावाचं एक छोटं पुस्तक निघालं खरं, पण मालिका मॅसीचीच राहिली. भाची मॅसीच्या कपड्यांबद्दल बोलू लागली की मी तिला क्रिस्टनबद्दल विचारते. मग आमचं बोलणं बराच वेळ चालतं.