गाडीच्या कप्प्यात

मैत्रिणींनो, एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिला विचारून, नाव-गाव वगळून सांगते आहे.

ती सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझं माहेर तिकडचंच, त्यामुळे ओळख जुनी. तिचे मिस्टर कॉन्ट्रॅक्टर. रोख पैशांची ने-आण असते, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलेलं. एका सकाळी हिची स्कूटी पंक्चर झाली आणि ही मिस्टरांची गाडी घेऊन शाळेत गेली. दुपारच्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलाला म्हणाली, "जा रे, गाडीतून माझा चष्मा घेऊन ये." पोरगं चष्मा घेऊन आलं आणि कानाशी येऊन हळूच म्हणालं, "बाई, कप्प्यात बंदूक हाय."

पुढचे तीन तास तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. गाडीला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरून बसली आणि मिस्टरांना फोन केला. ते हसले. "अगं, लायसन्सचं आहे. चोरीचं नाही. घाबरतेस काय एवढी?" रात्री घरी गेल्यावर कळलं, पिस्तूल भरलेलं होतं.

त्याच रात्री तिने मला साताऱ्याला फोन केला. प्रश्न एवढाच, "ताई, लायसन्स आहे म्हटल्यावर गाडीत ठेवलेलं चालतं का?" मी बीए झालेली बाई, कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या वकीलबाईंच्या मागे लागून मी हे समजून घेतलं. समजलं ते इतकं साधं आहे, की ते आपल्यातल्या एकीलाही कुणी कधी सांगितलं नाही याचाच राग आला.

पहिली गोष्ट म्हणजे परवाना माणसाच्या नावावर असतो. घराच्या नाही आणि गाडीच्याही नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी आहे. त्याला सवलत आहे ती थोडीच. परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी दुसऱ्याने ते नेलं तर चालतं. "बायकोच आहे की" ही सवलत कायद्यात नाही. ड्रायव्हरलाही नाही. साहेब वर मीटिंगला गेले, खाली ड्रायव्हर एसी लावून बसला आणि कप्प्यात पिस्तूल, तर त्या घटकेला ते कुणाच्या ताब्यात आहे? शस्त्र प्रत्यक्ष हातात असलंच पाहिजे असं नाही, ते आहे हे माहीत असणं आणि त्यावर आपला ताबा असणं हे पाहिलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे माझ्या मैत्रिणीला सकाळी माहीत नव्हतं तोवर ती सुटली. दुपारी मुलाने कानात सांगितलं आणि किल्ली तिच्या मुठीत होती, तेव्हा ती कुठे उभी होती याचा विचार करा. विनापरवाना बंदुकीची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं झाली आहे. तिच्यावर कुणी खटला भरला असता असं मी म्हणत नाही. पण चौकशीच्या कागदावर पहिलं नाव तिचं आलं असतं, मिस्टरांचं नाही. आणि ती सरकारी नोकर.

दुसरी गोष्ट परवान्यासोबत छापलेल्या अटींची. त्या कुणी वाचत नाही. त्यांत स्पष्ट आहे, की खास परवानगी नसेल तर शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात आणि शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचं नाही. आवारात म्हटलं आहे, वर्गात असं म्हटलेलं नाही. शाळेच्या पटांगणात, चिंचेखाली उभी केलेली गाडीही आवारातच आली. अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि परवाना जाऊ शकतो, ते वेगळंच.

मग पंचायत समिती, तहसील, जिल्हा परिषद, बांधकाम खातं? तिथल्या पार्किंगमधल्या गाडीचं काय? या नेमक्या प्रश्नावर आपल्या कायद्यात वेगळं कलम नाही. पण २०१६चे शस्त्र नियम वाचले की उत्तर सापडतं. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते अंगावर, म्यानात किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या काबूत असलं पाहिजे. अंगावर नसेल तेव्हा ते सुरक्षित ठेवण्याची हमी अर्ज करतानाच दिलेली असते. पिस्तुलाच्या या दोनच जागा, कमरेला किंवा कुलपात. साहेब दुसऱ्या मजल्यावर आणि पिस्तूल खाली पार्किंगमध्ये, ही तिसरी जागा आपली आपण काढलेली आहे. काच फोडायला कितीसा वेळ लागतो? कप्प्याचं कुलूप तर बहुतेक गाड्यांत नावालाच असतं, माझ्या गाडीत मी त्यात खोबऱ्याच्या वड्या ठेवते.

हाच प्रश्न अमेरिकेत थेट कोर्टात गेला होता. कोलोरॅडो राज्यातल्या ॲव्हॉन नावाच्या छोट्या गावात एका गृहस्थाला पोस्टात जाताना आपलं पिस्तूल पार्किंगमधल्या गाडीत ठेवायचं होतं. पोस्टाच्या आवारात, वाहनतळ धरून, शस्त्राला बंदी. खालच्या न्यायालयाने २०१३ साली वाहनतळापुरतं त्याच्या बाजूने सांगितलं, २०१५ साली वरच्या न्यायालयाने ते फिरवलं. त्यानंतरही तिकडच्या न्यायालयांत पोस्टातल्या बंदीवरून उलटसुलट निकाल लागले आहेत. त्यांच्या घटनेत शस्त्र बाळगणं हा हक्क आहे, म्हणून त्यांना एवढा काथ्याकूट करावा लागतो. आपल्याकडे तो हक्क नाही, सरकारने अटींवर दिलेली परवानगी आहे. तरी वागतो मात्र आपण हक्क असल्यासारखे.

आता कुणी म्हणेल, आपल्या भागात हत्याराचं एवढं काय? खरं आहे. सातारा-सांगलीच्या मातीत बंदुकीचं अप्रूप नाही, आदर आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊन सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ही गोष्ट आम्ही आजीच्या तोंडून ऐकत वाढलो. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी' जोडूनच हाक मारतात, घरटी फौजी. फौजेतून आलेले कितीतरी काका बँकेच्या दारात बाराबोअर घेऊन उभे राहिलेले आपण बघतो. अशा एका काकांना मी विचारलं, जेवायला बसता तेव्हा बंदूक कुठे ठेवता? ते माझ्याकडे बघतच राहिले. "मांडीवर, आनि कुठं?" शिस्त म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही. कप्प्यात पिस्तूल टाकून चहाला जाणारा वर्ग वेगळा आहे. त्याच्यासाठी ते हत्यार नाही, गळ्यातल्या चेनसारखा तोरा आहे.

आणि परवाना असला म्हणजे काही होत नाही, ही समजूत तर सोडूनच द्या. २२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजनांवर त्यांच्या वरळीच्या घरात सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या त्या परवान्याच्याच पिस्तुलातून. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरला पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला आणि त्यावरून आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्याहून सरकारी जागा कोणती असते? आठवडा झाला नाही तोच दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेता गोविंदा घरातून निघायच्या गडबडीत होते, आणि स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागून रुग्णालयात पोचले. तिथे कुणाचं वैर नव्हतं की भांडण नव्हतं.

मला खटकतं ते हे, की परवान्याच्या सगळ्या प्रक्रियेत घरातली बाई कुठेच नाही. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज जातो, पोलीस चौकशी करतात, गुन्हे आहेत का बघतात. चौकशीला हवालदार घरी आला तर बाईने चहा करायचा. ज्या कपाटात ते राहणार त्यात तिच्या साड्या, ज्या गाडीत ते फिरणार त्यात तिची मुलं, पण तिला विचारत कुणी नाही. कॅनडात परवान्याच्या अर्जावर पती-पत्नीची, इतकंच नाही तर अलीकडेच वेगळ्या झालेल्या जोडीदाराचीही सही मागतात. सही नसेल तर अधिकारी स्वतः त्या व्यक्तीला कळवतात. म्हणजे जिला भीती आहे तिला ती बोलून दाखवायला निदान जागा मिळते. आपल्याकडे एवढं करायला काय हरकत आहे? परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाला नवऱ्यासोबत बायकोलाही बोलवा, दहा मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला आणि अटी मराठीत वाचून दाखवा.

केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी एखादी सांगते, "मारत नाहीत हो, नुसतं काढून टेबलावर ठेवतात." हे नुसतं ठेवणं किती बोलतं ते तिलाच विचारावं. तशा बायांना मी एवढंच सांगते, की कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. हिंसेत वापरलेलं हत्यार न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद त्या नियमांत आहे. आणि परवाना देणारा अधिकारी तो रद्दही करू शकतो, त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते.

सरकारी कचेऱ्यांचं म्हणाल तर मी बचत गटाच्या कामाने इतक्या फाटकांतून आत जाते. स्कूटी कुठे लावली यावरून पहारेकरी हटकतो, पिशवीत काय आहे हे कुणी विचारत नाही. फाटकावर पाटी लावून, पोलिसांच्या देखरेखीखाली एक कुलपाची पेटी आणि पावतीपुस्तक ठेवायला काय लागतं? ही पद्धत आपल्याला नवीन नाही. निवडणूक आली की छाननी समिती ज्यांची नावं काढते ते मुकाट्याने पोलीस ठाण्यात जाऊन हत्यार जमा करतात, पावती घेतात, निकालानंतर परत आणतात. मतदानाला जमतं ते आमसभेच्या दिवशी का जमू नये? पाण्यावरून, ठेक्यावरून किती तापलेली असतात ती सभागृहं, हे मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलेलं आहे.

माझ्या मैत्रिणीने मुख्याध्यापकांना काही सांगितलं नाही. सांगावं असं माझं मत होतं, त्यावरून आमचं थोडं वाजलंही. "नोकरी माझी जाईल, पिस्तूल त्यांचं राहील," असं ती म्हणाली. त्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या मुलाच्या आईला मात्र ती जाऊन भेटली आणि खरं काय ते बोलली. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यानं हात लावला हुता का, बाई?" नाही म्हणाली. तो तिला तसं सांगतो. मिस्टरांनी आता बेडरूममध्ये भिंतीत तिजोरी बसवून घेतली आहे. गाडी नेताना ती आधी कप्पा उघडून बघते. आणि परवान्याच्या अटींची झेरॉक्स काढून, 'शैक्षणिक संस्था' या शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारून, तिने ती त्या तिजोरीच्या दारावर चिकटवली आहे.